काचेवरचं कुंकू

माझ्या टेबलावर सध्या तीन लाल आहेत. एक नारिंगीकडे झुकणारा, एक जांभळ्याकडे झुकणारा आणि तिसरा मातीचा, म्हणजे गेरू. टोमॅटो काढायचा तर पहिला, कापलेलं बीट काढायचं तर दुसरा, आणि कौलं, विटा, उन्हात रापलेली माणसं यांना तिसरा. एवढ्यात माझं सगळं भागतं. माझ्या नातीच्या पेटीत सात लाल आहेत आणि तिला एकही पुरत नाही, कारण ती सातही एकत्र कालवते आणि चिखल झाला म्हणून माझ्याकडे येते. मी सांगते, दोन रंग मिसळ आणि तिसऱ्याकडे हात जायला लागला की हात मागं घे. ती ऐकत नाही. तिच्या वयात मीही ऐकलं नसतं. तिच्या तिप्पट वयाची झाले तेव्हाही ऐकलं नव्हतं, त्याचीच ही हकिकत.

रंग उन्हात किती टिकेल हे चांगल्या नळीच्या पाठीवर बारीक छापलेलं असतं. आता ते वाचायला मला भिंग लागतं, आणि मी भिंग घेऊन वाचते. डोळे घारीसारखे होते तेव्हा आमच्याकडे मिळणाऱ्या नळ्यांवर तसं काही छापलेलं नसायचं, ही एक सबब मी बरीच वर्षं सांगितली. पण ती खोटी आहे. नळीवर नव्हतं तरी दुकानदारानं मला तोंडानं सांगितलं होतं.

मी सिल्लोडची. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झाले, पुढं एक वर्ष चित्रकलेचा वर्ग केला, आणि त्या एका वर्षात डोक्यात जी हवा गेली ती निघायला पुढं दहा वर्षं लागली. लग्न होऊन इथं आले तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. ऊन तेच आहे. घरात सासू, सासरे, हे आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा, आमच्याकडं तशीच रीत आहे. दोघं वेरूळकडच्या एका वस्तीवरची. दोघांच्याही घरी मेंढरं होती. मामा शिकले, शहरात कचेरीत कारकून झाले. आत्याबाई शिकल्या नाहीत, पण चाळीस मेंढरांतलं आपलं कोणतं आणि परक्याचं कोणतं हे लांबून सांगायच्या, आणि सुनेच्या बाबतीतही नजर तीच होती.

मामांच्या निवृत्तीला महिना राहिला होता. जेवताना ते म्हणाले, कचेरीतले लोक माझा फोटो काढतील, हार घालतील, पण हिचा कुणी साधा फोटो काढला नाही आजवर. एवढंच बोलले. त्यावर स्टुडिओत घेऊन जाणं हा सरळ उपाय होता. पण मी ताटावरून मान वर करून जाहीर केलं की फोटो कशाला, मी आत्याबाईंचं जलरंगात चित्र काढते. ह्यांनी माझ्याकडं जरा कौतुकानं बघितलं. त्या एका नजरेवर मी चार महिने जगले असते.

रंग आणायला क्रांती चौकाजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारे होते, पांढरी दाढी, काउंटरवर वह्यांचे गठ्ठे आणि मागं एका फळीवर रंगांच्या नळ्या. मला कुंकवासाठी लाल हवा होता. त्यांनी दोन-तीन नळ्यांची टोपणं काढून कागदाच्या कपट्यावर बोटानं ठिपके लावून दाखवले. शेंदरी ठिपका मला मारुतीच्या देवळातला वाटला. गेरूचा ठिपका कुंडी रंगवायला बरा वाटला. आणि तिसरा, त्याला ते क्रिमसन लेक म्हणाले, तो असा काही चमकला की मी बाकीच्या दोघांकडं पाठच फिरवली.

ते म्हणाले, “बाई, ये लाल देखने को अच्छा है, मगर धूप का कच्चा है. तसवीर दीवार पे लगानी है तो ये नक्को. शेंदरी लेव, गेरू लेव, दोनों मिलाव.”

मी त्यांना सांगितलं की मी चित्रकला शिकले आहे. हे वाक्य मी त्या काळात दुकानदार, रिक्षावाले, भाजीवाली, सगळ्यांना सांगत असे. त्यांनी मान हलवली, नळी पुडक्यात बांधली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला वही दाखवायला गेले. मला वाटलं, शेंदरीचा माल पडून राहिला असेल, तो माझ्या गळ्यात मारत होते.

एप्रिलचा महिना. इथल्या एप्रिलमध्ये जलरंगात चित्र काढणं म्हणजे रंगाशी शर्यत लावणं. कुंचला कागदाला टेकवावा, उचलावा, की तोवर रंग वाळलेला. कडा एका बाजूला करकरीत वाळून जाते आणि पुढचा हात तिच्यात मिसळत नाही. शेवटी मी पाट घेऊन न्हाणीत बसले. फरशीवर पाणी ओतलं, कागदाखाली ओलं धोतर घातलं, ते मामांचं होतं. आत्याबाई न्हाणीच्या दाराशी पोत्यावर बसून तांदूळ निवडायच्या आणि मी त्यांना हलू नका म्हणायचे. हलू नको तर तांदूळ कसे निवडू, असं त्या विचारायच्या. मग मी म्हणायचे, फक्त हात हलवा. रापलेल्या चेहऱ्याला पिवळी माती, गेरू आणि निळ्याचा अर्धा थेंब. हिरव्या इरकलीला दोन हिरवे एकावर एक. ह्यात मी खरंच वाईट नव्हते. तेवढं श्रेय तेव्हाच्या त्या मुलीला दिलं पाहिजे.

कुंकवासाठी नुसता क्रिमसन चालेना, तो गुलाबाकडं जात होता. जरासा पिवळा घातला. जलरंग ओला असतो तेव्हा गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, म्हणून आधी वाळवून बघावा लागतो. माझ्याकडं वेगळा कागद नव्हता, तेव्हा त्याच कागदाच्या कडेला, जिथं पुढं चौकटीचा पुठ्ठा येणार होता, तिथं मी ठिपके लावून बघितले. सहा ठिपके. सहावा जमला. मग रुपयाएवढं मोठं कुंकू काढलं, ओठांवर त्याचाच हलका हात दिला, आणि उरलेल्या रंगात उजव्या कोपऱ्यात माझी झोकदार सही केली. सही कुंकवापेक्षा मोठी झाली, हे मला तेव्हा दिसलं नाही.

चित्र चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं, पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर, म्हणजे दुपारचं ऊन थेट त्याच्यावर पडावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नीट दिसावं. जागा मीच निवडली होती.

दोन उन्हाळे गेले. घरातली वस्तू रोज बघितली की बदलताना दिसत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या बायका आल्या होत्या. त्यातली एक आत्याबाईंना कुंकू लावता लावता भिंतीकडं बघून थबकली. मी तेव्हा वाणाच्या डब्या वाटण्यात दंग होते. मला वाटलं, चित्र बघून भारावली असेल.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी एक नवं सुरू केलं. आंघोळ झाली, देवापुढं दिवा लागला, की त्या कुंकवाचा करंडा घेऊन बाहेरच्या खोलीत यायच्या आणि चित्राच्या काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, बोटानं कुंकू लावायच्या. रोज. काच पुसायची, पुन्हा लावायचं. आता ह्याचा अर्थ कुणालाही लागला असता. मला असा लागला की माझी सासू माझ्या चित्राची पूजा करते. मी सिल्लोडला आईला पत्र लिहिलं की ह्या लोकांना कलेची कदर आहे. ते पत्र आईनं जपून ठेवलं आणि पुढं प्रत्येक भाऊबीजेला मला वाचून दाखवलं.

फाल्गुनात मामांच्या पोटात दुखायला लागलं. जेवण झालं की उजव्या कुशीत कळ उठायची, घाम फुटायचा, पंधरा-वीस मिनिटं ते कॉटच्या दांडीला धरून बसायचे. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत, पिशवी काढावी लागेल, आणि आता फार वाट बघू नका, आत पू झाला तर जीवावर बेतेल. ह्यांनी तारीख घ्यायची तयारी केली. आत्याबाई नाही म्हणाल्या.

का नाही, ते सांगेनात. पहिल्यांदा म्हणाल्या, होळी होऊ द्या. मग म्हणाल्या, गावाकडं एक औषध देणारा आहे. मग काहीच म्हणेनात, नुसतं नाही. मामांना तर हे पथ्यावरच पडलं. सुरीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि आता ते ऐटीत सांगायला लागले की घरातलं माणूस नको म्हणतंय तर मी तिचं मन कसं मोडू. आजवर कोणत्या गोष्टीत त्यांनी आत्याबाईंचं मन इतकं सांभाळलं होतं, ते मला माहीत नाही.

एका सकाळी ह्यांचा धीर सुटला. बाहेरच्या खोलीत उभं राहून ते आईशी जरा आवाज चढवून बोलले, की तू कारण तरी सांग, नाहीतर बाबा तुझ्या हट्टानं जातील. आत्याबाईंनी पदरानं चित्राची काच पुसली. त्या दिवशीचं कुंकू निघालं. मग बाजूला झाल्या.

“बघ तिथं. कपाळ दिसतं का तुला?”

हे, मामा आणि मी, तिघांनी बघितलं. कपाळ कोरं होतं. अगदी बारकाईनं बघितलं तर एक फिकट पिवळी टिकली, बाकी काही नाही. पिवळा टिकला होता, लाल गेला होता.

ह्यांनी ऊन लागून रंग उडाला असेल असं काहीतरी म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, “उडायचा असता तर समदा उडला असता. लुगडं हिरवं हाय का नाय? केस काळेच हायत. कुंकूच तेवढं कसं गेलं? मला सांगून गेलंय ते. ह्यांच्या पोटाला मी सुरी लावू देणार नाय.”

मला एका क्षणात सगळं दिसलं, काउंटर, कागदाचा कपटा, तीन ठिपके, आणि धूप का कच्चा है. म्हणजे त्या दीड महिना पूजा करत नव्हत्या. रोज सकाळी गेलेलं कुंकू परत लावत होत्या, आणि रोज ते काचेवर लावलंय, कपाळावर नाही, हे त्यांना कळत होतं.

आणि मी गप्प बसले.

ह्या जागी मला आजही त्या मुलीचा कान धरावासा वाटतो. चार दिवस ती गप्प बसली. एक वाक्य बोलायचं होतं, की रंग वाईट होता, मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पण संक्रांतीला आलेल्या बायकांपैकी दोघींनी माझंही चित्र काढ म्हणून सांगितलं होतं. ह्यांनी ऑफिसात सांगून ठेवलं होतं की माझी बायको आर्टिस्ट आहे. एका बाजूला सासऱ्याचं पित्ताशय आणि दुसऱ्या बाजूला माझी सही, आणि बाईसाहेब चार दिवस तराजू धरून बसल्या होत्या. मनाशी म्हणत होते, आत्याबाई आपोआप तयार होतील, आत्याबाईंचे भाऊ येऊन समजावतील, डॉक्टर दुसरं औषध देतील.

पाचव्या दिवशी दुपारी मामा जेवून उठले आणि मोरीपर्यंतही गेले नाहीत. भिंतीला धरून खाली बसले. चेहरा पिवळा पडला, डोळेसुद्धा. हे ऑफिसला गेलेले. आत्याबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि भिंतीवरच्या चित्राकडं बघितलं. मदत कर म्हणून देवाकडं बघतात तसं नाही. आता काय करणार आहेस, असं.

मी स्टूल आणलं, चित्र खाली काढलं आणि पालथं घालून मागचे खिळे पकडीनं उपटायला लागले. आत्याबाईंना वाटलं, मी फेकूनच देते. त्या नको नको म्हणत होत्या. मी मागची फळी काढली, पुठ्ठा काढला आणि कागद त्यांच्यापुढं फरशीवर ठेवला.

पुठ्ठ्याखाली झाकलेल्या कडेवर सहा ठिपके होते. सहाही लालभडक, काल लावल्यासारखे. सहावा अगदी त्यांच्या कपाळावरच्या कुंकवासारखा.

मी सांगितलं, आत्याबाई, ह्याच रंगानं तुमचं कुंकू काढलं होतं. जिथं ऊन लागलं तिथून गेलं, जिथं पुठ्ठा होता तिथं राहिलं. ओठांवरचंही गेलंय, बघा. दुकानदारानं मला सांगितलं होतं हा उन्हाला कच्चा आहे, दुसरा घ्या. मी घेतला नाही. आणि ही इथं माझी सही होती, तीही गेली.

त्यांनी कोपऱ्यात वाकून बघितलं. “सही व्हती व्हय ती? मला वाटलं, कुंचला पुसलास.”

मग त्यांनी एका ठिपक्यावर नख फिरवून बघितलं. मामांची कळ ओसरत आली होती, तेही मांडीवरून मान वळवून बघत होते.

“म्हंजे माझं कुंकू देवानं नाय नेलं,” आत्याबाई म्हणाल्या. “तू नेलंस.”

मी हो म्हणाले.

“आन् मी रोज काचंवर लावत व्हते ते बघत व्हतीस.”

“मला वाटलं, तुम्ही चित्राची पूजा करता.”

हे मी सांगायला नको होतं. पण खरं बोलायला लागलं की कुठं थांबायचं ते कळत नाही. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आणि त्यांना हसू आलं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, आणि मांडी हलल्यामुळं मामांचं डोकंही हलत होतं. मध्येच पदर डोळ्याला लावला. हसू कुठं संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते मला सांगता येत नाही. मग पदर खाली घेऊन त्या म्हणाल्या, “त्याला फोन कर हापिसात. डॉक्टरला म्हणावं, उद्याच करा.”

मामा क्षीण आवाजात म्हणाले, होळी होऊ दे की. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

डोळे पिवळे झाले होते म्हणून डॉक्टरांनी आधी दाखल करून घेतलं आणि चार दिवसांनी ऑपरेशन ठरवलं. त्या चार दिवसांत आत्याबाईंनी मला एक काम लावलं. मामांना ऑपरेशनला आत न्यायच्या आधी कुंकू पक्क्या रंगात परत काढ. खूण नव्हती हे त्यांना पटलं होतं, पण पटलं म्हणून कोरं ठेवायचं कारण नव्हतं.

मी त्याच दुकानात गेले. म्हाताऱ्या दुकानदारांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळखून दाखवलं नाही. मी शेंदरी मागितला, गेरू मागितला. चित्रकला शिकले आहे हे सांगितलं नाही.

शेंदरीत गेरू मिसळला तर विटेचा रंग झाला. गेरू कमी केला तर मारुती झाला. निळ्याचं टोक लावलं तर लाल मेला. मी कागदाच्या पट्ट्या कापून, एकेक मिश्रण लावून, वाळवून, आत्याबाईंच्या कपाळाशी धरून बघत होते, जशी ब्लाउजपीस साडीला लावून बघतात. त्या म्हणाल्या, कपाळावर काय मॅचिंग सेंटर उघडलंस का. मग त्यांनीच सुचवलं. वस्तीवर मेंढराच्या पाठीवर गेरूची खूण करतात, ती कातरणीपर्यंत जात नाही, पण ओल्या लोकरीवर एकदम दाट लावली तर काळपट दिसते. आधी पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. रंग वाटीत कालवू नको, एकावर एक चढव.

एक वर्ष चित्रकला शिकून मला हे समजलं नव्हतं. मी आधी जुन्या कुंकवाची जागा ओल्या कुंचल्यानं भिजवून टिपकागदानं टिपून घेतली. मग शेंदरीचा एक पातळ हात. वाळू दिला. त्यावर गेरूचा त्याहून पातळ. वाळू दिला. पुन्हा शेंदरी. खालचा कागद प्रत्येक थरातून डोकावत राहिला आणि लाल जिवंत राहिला. क्रिमसनची चमक त्याला नव्हती. जरा तांबूस, जरा कोरडा, पण कुंकूच. ओठांना हात लावला नाही. आत्याबाई म्हणाल्या, ह्या वयात कशाला. सही करायची का, असं मी विचारलं नाही आणि त्याही काही म्हणाल्या नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी चित्राकडं एकदा बघितलं, काच पुसली, करंडा तसाच देव्हाऱ्यात ठेवला आणि दवाखान्यात निघाल्या. ऑपरेशन दोन तास चाललं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी एका बाटलीत खडे दाखवले, हरभऱ्याएवढे, सात. आत्याबाईंनी ते मोजून घेतले, दाव्याला बांधलेली जनावरं मोजावीत तसे.

मामा नवव्या दिवशी घरी आले. पोटावर वीतभर टाके होते आणि हसायला बंदी होती. बाहेरच्या खोलीत कॉटवर टेकून बसले, चित्र आता आतल्या भिंतीवर लावलं होतं, जिथं ऊन येत नाही, तिकडं बघितलं. मग मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आभार मानतील. त्या मुलीला शेवटपर्यंत असंच वाटायचं.

ते म्हणाले, “तू तुझं तोंड उघडलंस, पोरी, म्हणून डॉक्टरांनी माझं पोट उघडलं.”

आणि हसायला बंदी असताना हसले, टाक्यांवर हात दाबून कळवळले, आणि आत्याबाई स्वयंपाकघरातून आम्हा दोघांनाही बोलल्या.